कडीला अडकवलेली टोपी

प्रिय ठकू,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर अक्षर आणि पत्ता तुझ्या शेजारच्या शिवणवाल्या काकूंचा होता, म्हणून उत्तरही त्यांच्याच पत्त्यावर पाठवतोय. पानभर तू एका इंग्रजी शब्दाबद्दलच लिहिलंयस. इनमोस्ट, म्हणजे सर्वांत आतलं. शेवटी ‘मोस्ट’ दिसतं, पण मुळात तिथं ‘सर्वांत’ सांगणारे दोन जुने प्रत्यय होते. पहिल्याचा अर्थ लोक विसरले, म्हणून त्याच्यावर दुसरा चढवला. आतल्याच्याही आत. तुझी आई म्हणाली, ‘‘बघा, लग्न झालं तरी पोरीचा अभ्यास सुटला नाही!’’ मी गावच्या शाळेत शिकलेला; मला त्यातलं कितीसं कळणार? पण कागद उलटसुलट करून पाहिला. त्यात तू कुठंच नव्हतीस.

आमच्या शीतगृहातही खोलीच्या आत खोली आणि तिच्या आत सफरचंदांची खोली आहे. तिचं जुनं दार आतून उघडत नसे. म्हणून आत जाणारा आपली टोपी बाहेरच्या कडीला अडकवायचा. टोपी दिसली की दाराला कुणी हात लावायचा नाही. एकदा मी आत असताना नव्या हमालाला वाटलं, टोपी कुणीतरी विसरलंय. त्यानं भलेपणानं ती कचेरीत नेऊन ठेवली आणि जाताना दार लावून घेतलं. मी ओरडलो, पण त्या जाड भिंतींतून आवाज बाहेर जात नाही. मग पेट्यांना टेकून देवाचं नाव घेत बसलो, ओठ जड होईपर्यंत. मुकादमानं टोपी ओळखली आणि धावत आला. ‘‘आधी बाहेर ये मेल्या, देवाला मग भेट!’’ म्हणत स्वतःचा कोट माझ्यावर टाकला. ही गोष्ट तुला इतकी आवडायची, की मी घरी आलो की माझी टोपी तू दाराच्या कडीला अडकवायचीस. बाबा आत आहेत.

हल्ली फोन केला की जावईबापू गोड आवाजात सांगतात, ‘‘ती आत आहे.’’ झोपलीय, आत आहे. डोकं दुखतंय, आत आहे. शाळेतली नोकरी सोडली, आता आतच असते. मी आपलं ‘‘बरं, बरं’’ म्हणतो. काल कामावर जुन्या सवयीनं टोपी अडकवताना हात तिथंच थांबला. ठकू, तू मला शब्द नव्हतास पाठवला. टोपी अडकवली होतीस.

रविवारी सकाळी येतोय. मुकादमही सोबत आहे. जावईबापूंना कळवलेलं नाही. कपडे, दाखले राहिले तर राहू देत. फक्त दाराजवळ बस.

बाहेरून कडी काढायला निघालेला,
तुझाच बाबा