टेलिफोनवर बसवलेला देवराव

मंगळवार, १२ मार्च १९७४

आज संध्याकाळी देवरावने राजीनामा आणून दिला. बारा वर्षे आमच्या अग्निशमन केंद्रात काढलेला माणूस. गेल्या महिन्यात गोदामाच्या आगीतून त्याने एका हमालाला बाहेर आणले, पण तो वाचला नाही. तेव्हापासून देवरावचे हात थरथरतात. विश्रांती म्हणून मी त्याला टेलिफोनवर बसवले. ती दया होती की माझी सोय?

"काहून, देवराव?" मी कारण विचारले.

"साहेब, घंटा वाजते, गाडी जाते, अन् मी एकटा मांगं. पोरं वापस येईपर्यंत जीव टांगला राह्यते."

हात दिसले होते मला. हे कसे दिसले नाही?

दारात म्हातारा जमादार गुलाबराव उभा होता. "याले आमच्यात द्या, साहेब. पाइप तं धुईल. माह्ये हात थरथरत तवा महिनाभर अर्धा चहा धोतरच पीत होतं."

आगीवरून आल्यावर पाइप धुताना ही माणसे काय पाहिले ते एकमेकांना सांगतात. मी त्याला चकाट्या समजत आलो. एकदा रागावलोही होतो.

मी हो म्हटले. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिले. चौघे पाइप घासत होते. देवराव बोलत होता, बाकीचे ऐकत होते. मध्येच गुलाबराव ओरडला, "नीट धर ना गा! मले आंघोळ घालून राहिला काय?" देवराव हसला.

घरी जाताना त्याने राजीनामा परत मागितला.

उद्यापासून टेलिफोनवर सगळ्यांनी पाळीपाळीने बसायचे, आणि दोघांनी मिळून. यादी केली आहे. पहिल्या पाळीतल्या दोघांत देवरावच्या जागी मी.