पिशवीचे पैसे आणि माझी पाठ

आदरणीय आत्या,

वाकून नमस्कार. हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या औषधवाल्या काकांनाही नमस्कार. काका, कंसातला मजकूर कृपया मनातल्या मनात वाचावा, आत्याला उगाच काळजी नको. (वाकून असं लिहिलंय खरं, पण सध्या मला वाकता येत नाही.) आत्या, तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळं ठीक आहे. फक्त परवापर्यंत बाबा माझ्याशी बोलत नव्हते. मी समोर बसलेली असताना आईला म्हणायचे, "तुझ्या शिकलेल्या मुलीला सांग, चहा झालाय." त्याचं कारण जरा लांबचं आहे, तेव्हा बसून ऐक.

आमच्या गल्लीमागच्या नाल्यात पाण्यापेक्षा पिशव्या जास्त आहेत, हे तू नाक धरून पाहिलंच आहेस. दुकानदारांनी प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे घ्यावेत, फुकट देऊ नये, म्हणून आम्ही काही जणांनी नगरपालिकेकडे अर्ज केला. आधी एका दुकानात करून दाखवा, असं उत्तर आलं. कोपऱ्यावरचा किराणावाला तयार झाला, पण संध्याकाळी मी दारात उभं राहून गिऱ्हाइकांना समजवायचं, या अटीवर. म्हणाला, "पैसे मी घेतो, शिव्या तुम्ही घ्या." मला वाटणी बरोबर वाटली. (मला बहुतेक वाटण्या बरोबर वाटतात. आई म्हणते, हाच माझा रोग आहे.)

पहिल्याच संध्याकाळी एक निवृत्त मास्तर आले. पीठ, साबण, अंडी. पिशवीला पैसे पडतात म्हटल्यावर भडकले, "मग काय डोक्यावर नेऊ?" गिऱ्हाइकाला दुखवायचं नाही असं आमचं ठरलं होतं, आणि ठरलेलं मी पाळते. माझ्या तोंडून निघून गेलं, "द्या, मी नेते." नेलं. तिसरा मजला. मास्तरांनी वर गेल्यावर पाणीसुद्धा विचारलं नाही, पण बातमी मात्र गल्लीभर पोचवली. मग काय, जो तो हात हलवत दुकानात यायला लागला. एक बाई तर घरूनच फोन करून सांगायच्या, "त्या पिशवीवाल्या पोरीला पाठवा, आज सामान जड आहे." एकदा एक अंडं फुटलं, ते मी भरून दिलं. (दोन दिली. जे फुटलं नव्हतं त्यालाही तडा गेल्यासारखा वाटला.) किराणावाल्याची एकही पिशवी खपेना. तो म्हणाला, "ताई, पिशवी पूर्वीही फुकट होती, आताही फुकटच आहे. फरक एवढाच, आता ती जिना चढते." वर हेही म्हणाला की आमच्या अर्जावर नगरपालिकेत सुनावणी होईल, तेव्हा तो तिथल्या साहेबांना हेच सांगणार, पैसे लावून काही उपयोग नाही. सगळं मुसळ केरात जाणार म्हणून मला झोप लागेना, आणि पाठीमुळे कूस बदलता येईना.

अशात एका जिन्यात बाबा समोर आले. माझ्या खांद्यावर पिठाचं पोतं, एक हात कमरेवर. (अगदी बाबा बाजारात उचलायचे तसं. मला कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप जमलं.) मी ओझी उचलू नयेत म्हणून ज्यांनी जन्मभर ओझी उचलली, ते तसेच मागे वळले. तेव्हापासून अबोला. त्यांना माझी लाज वाटली असं मी धरून चालले. (काका, त्या रात्री मी रडले. हे अजिबात वाचू नका.)

परवा संध्याकाळी बाबा बाजारातला जुना सदरा घालून दुकानाच्या दारात हजर. मला थेट विचारलं, "किती घेतेस?" म्हटलं, "काही नाही." बाबा मटकन पायरीवर बसले. "फुकट? एवढं शिकवलं, आणि ही फुकट ओझी वाहते! आपल्या घरात आजपर्यंत कुणी फुकट पोतं उचललं नाही!" मग तिथल्या तिथे दर सांगितला. मजल्यागणिक वेगळा, आणि अंड्यांचे जास्तीचे. पिशवीपेक्षा कितीतरी महाग. गिऱ्हाइकं आपापल्या रिकाम्या हातांकडे बघायला लागली. मास्तरांनी हळूच खिशातून घडी केलेली कापडी पिशवी काढली. आत्या, ती पहिल्या दिवसापासून त्यांच्या खिशात होती!

आता लोक पिशव्या घेऊन येतात. बाबा दाराशी स्टूल टाकून बसतात आणि येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे न बघता हातांकडे बघतात. माझ्याशी बोलतात. मुख्यतः मला काही कळत नाही, असं बोलतात, पण बोलतात.

तब्येतीला जप.

तुझी भाची

ता. क. सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे. माझं भाषण सोळा पानी झालंय, आणि त्यात बाबांच्या 'कुणी फुकट पोतं उचललं नाही' या एका वाक्याइतकंही वजन नाही. ते वाक्य त्यांनीच साहेबांसमोर बोलावं असं मला वाटतं, पण ते म्हणतात, "मी आणि साहेब? हॅ." ते फक्त तुझं ऐकतात. तू येऊन त्यांना दटाव. पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. २ (काका, हा कंस मात्र मोठ्याने वाचा. मागच्या वेळी आत्या प्लास्टिकच्या सात पिशव्या लोंबकळवत आली होती. या वेळी तिला उतरवून घ्यायला मीच येणार आहे. बाबांचा निरोप आहे की सख्खी बहीण असली तरी दर तोच, आणि अंड्यांचे वेगळे.)