अप्पा ऊन पुरवून वापरतात

प्रिय ताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार (मनातल्या मनात, कारण माझी कंबर धरली आहे). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का? इकडे सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. आता खरं सांगतो. अप्पांना तुझ्याकडे घेऊन जा.

सौर पॅनेल बसवणं हा माझा धंदा, आणि अप्पांची उभी हयात कोळशाच्या खाणीत गेली. आमच्या छतावरही मी पॅनेल बसवली, गिऱ्हाइकांना दाखवायला बरी पडतात. काही दिवसांनी अप्पा रोज दुपारी वर जायला लागले. मला वाटलं, म्हाताऱ्याला गोडी लागली. कसलं काय! भर उन्हात ते पॅनेलवर ताडपत्री टाकून यायचे. "सकाळपासून घेतलंय की, आता उद्याला राहू दे," म्हणे. (आठवतं ना, शेगडीत एक कोळसा जास्तीचा टाकला तर आपल्याला केवढी बोलणी खावी लागायची? तोच कायदा आता सूर्याला लागू झाला.) संध्याकाळी बॅटरी रिकामी, पंखा बंद, आणि तुझी भावजय मला विचारते, तुमचा धंदा खरंच चालतो ना?

मी समजावलं गं. कोळसा, तेल, गॅस जमिनीत तयार व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात, आपण ते उपसून संपवतो. ऊन, वारा, वाहतं पाणी कितीही वापरलं तरी पुन्हा येतं. (लाकूडही येतं, पण झाडं लावली तर. एवढं मात्र अप्पांना पटलं, कारण त्यात मेहनत आहे.) अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ताडपत्रीवर आणखी दोन विटा ठेवल्या.

परवा तर कहरच झाला. एका शाळेच्या मुख्याध्यापिका अख्ख्या इमारतीसाठी पॅनेल बघायला आल्या. वर्षातलं सगळ्यात मोठं काम! मी ऐटीत त्यांना वर नेलं, तर ताडपत्री पसरलेली आणि शेजारी राखणीला अप्पा. बाईंनी विचारलं, हे काय? अप्पा म्हणाले, "जपून वापरायचं, बाई. आमची खाणसुद्धा कधी संपणार नाही असं साहेब सांगायचे." बाई जिना उतरल्या त्या उतरल्याच. मग माझा तोल गेला. तुमची खाण संपली, आता माझा धंदाही संपवा, असं मी म्हणालो. रात्री जेवताना अप्पा एवढंच म्हणाले, "मी लेकीकडे जातो." मीही "जा" म्हणून मोकळा झालो. तेव्हापासून घास गिळवत नाही. पण माघार मी घेणार नाही.

तेव्हा रविवारी येऊन त्यांना घेऊन जा. त्यांची औषधं, चष्मा, स्वेटर, सगळं बांधून ठेवतो.

तुझा धाकटा

ता. क. बांधलेलं नाही काही.

ता. क. आणखी एक. रविवारी ये, पण आल्यावर अप्पांना सांग की तुझ्या घरात जागा नाही. तुला हे बोलवणार नाही, ठाऊक आहे. तरी बोल. "जा" म्हणून बसलोय, आता "राहा" म्हणायला जीभ उचलत नाही. ऊन उद्याही येईल गं, अप्पा कुठून आणू? माझं खरं त्यांना कधी पटलं नाही. तुझं खोटं नक्की पटेल.