आईचं नाव निळ्या पाण्यात

ती. कल्पनाअक्का,

शिरसाष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? पुण्याची थंडी सोसतेय ना? इथे सर्जापूर रोडवर आम्ही सगळे सुखरूप (सगळे म्हणजे माणसं, भांड्यांचं पुढे लिहितो).

परवा दुपारी नातीने, मुग्धाने, विचारलं, "अज्जा, आयन कसा होतो?" मी आठवीत शाळा सोडलेला, पुढचं सगळं रद्दीतली पुस्तकं वाचून शिकलेलो. असा प्रश्न आला की मला जेवण सुचत नाही. म्हटलं, तांब्याचा अणू आपल्यासारखाच घरगुती. जितकं धन तितकंच ऋण. बॅटरीने ओढले की दोन इलेक्ट्रॉन सोडतो. ऋण तेवढं गेलं, म्हणून उरतो तो धन आयन (देऊन टाकल्यावर धन होणारा आपल्या घराण्यात कुणी झाला नाही). मग तो भांडं सोडून पाण्यात निघतो आणि पलीकडे दोन इलेक्ट्रॉन मिळाले की पुन्हा तांबं होऊन बसतो. "आणि नुसते घेणारे?" मिठातला क्लोरीन घे, म्हटलं. एक इलेक्ट्रॉन मिळवून ऋण आयन झालाय.

"दाखवा!" म्हणाली. काचेच्या बरणीत मोरचुदाचं पाणी केलं. ऋण टोकाला चमचा. धन टोकाला तांब्याची तार हवी होती, ती सापडेना. तू घासून चकचकीत करायला ठेवून गेलेलं तांब्याचं फुलपात्र समोर होतं. पाच मिनिटांनी काय होतंय, म्हणून स्कूटरच्या बॅटरीला तेच जोडलं आणि खुर्चीत टेकलो.

अक्का, ते पाणी किती निळं होतं! त्यातून तांबं चाललेलं, पण दिसत काहीच नाही. ना आवाज, ना बुडबुडा. बघता बघता मीही हलका झालो, नाव-गाव काठावर ठेवून कुठेतरी निघालो. इतका सुखाचा डोळा कित्येक वर्षांत लागला नव्हता.

जाग आली ती मुग्धाच्या हाकेने. "अज्जा, तुम्ही पणजीला विरघळवलंत!"

फुलपात्राची जी बाजू चमच्याकडे होती, तिच्यावर आईचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं. आता तिथे बोट फिरवलं तर नुसतं खरखरीत लागतं. दर सकाळी तू पाणी पिण्याआधी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवतेस, ते मला ठाऊक आहे. म्हणून दोन दिवस हे पत्र लिहवत नव्हतं.

तुझा,
नंदू

ता. क. रविवारी देवनहळ्ळीला विमानातून उतरशील, तेव्हा आईचं दुसरं भांडं, तो तांब्या, घेऊन ये. इथल्या शिवाजीनगरचे शिवाप्पा नाव कोरून द्यायला तयार आहेत, पण "सोयराबाई"मधला तो वाकडा 'य' नमुना असल्याशिवाय साधणार नाही म्हणतात.

दुसरा ता. क. चमचा तुझ्या चांदीच्या सहांपैकी होता. आता तांबडा झालाय. मुग्धा म्हणते, तारा उलट्या जोडू, तांबं फुलपात्रावर परत जाईल. मी म्हटलं, स्वल्प थांब. अक्षरं काही परतायची नाहीत; आई तेवढी त्या चमच्यावर आहे. रागावून झालं की सांग, उलट्या जोडू का?