घरात बसायला शिकतोय

प्रिय सौ. सुमन,

'सौ.' तसंच ठेवलंय. सवाष्ण जायचं म्हणून तुझा केवढा हट्ट! गेलीस एकदाची. आज लिहायला बसलो, कारण काल सकाळी घरात एक गोष्ट घडली. वैशूला फोन लावणार होतो, पण म्हटलं, लेकीच्या आधी तिच्या आईला सांगावं.

त्याआधी थोडं मागचं ऐक. तू गेल्यापासून मी घरात टिकत नाही. तोंड धुतलं की बाहेर. मग जळगाव स्टँडच्या बाकावर दुपारपर्यंत. रिटायर कंडक्टर तिथे काय करतो? गाड्या बघतो! धुळ्याची गाडी लागली की उगाच ओरडतो, 'मागे जागा आहे, सरका पुढे!' नवीन पोरं हसतात. हसेनात का.

कुणीतरी हे वैशूच्या कानावर घातलं. ती पुण्याहून आली आणि म्हणाली, "आबा, तुम्हाला या घरात राहवत नसेल तर घर बंद करू. माझ्याकडे चला." घर बंद करायचं? तू लावलेल्या जास्वंदीला पाणी कोण घालणार? मी असा चिडलो! पण ती तुझीच लेक, ऐकते होय? "मग दिवाळीपर्यंत घरात बसून दाखवा," म्हणाली, आणि जाता जाता कॉलनीतल्या ध्यानाच्या क्लासात माझं नाव घालून गेली.

हसू नको. मी आणि ध्यान! मंदिराच्या हॉलमध्ये सतरंजी, समोर वैशूच्या वयाच्या मॅडम. आवाज एकदम मऊ. "डोळे मिटा. श्वास आत येतो, बाहेर जातो, एवढंच बघा," म्हणाल्या आणि त्यांनी घंटी वाजवली. एकच टोला. सगळा हॉल चिडीचूप. आणि मी मिटल्या डोळ्यांनी ओरडलो, "हां, कोण उतरतंय?"

काय करू, सांग? एक घंटी म्हणजे गाडी थांबवा, दोन म्हणजे जाऊ द्या, त्यातच जन्म गेला! बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मॅडमही हसल्या. पहिला दिवस असा वाया गेला.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "विचार येतील. येऊ द्या, जाऊ द्या. अडवू नका, विचारपूस करू नका." म्हटलं, मॅडम, बिनतिकीट कुणालाच जाऊ दिलं नाही मी आजवर! श्वास बघायला जावं तर नाकाला खाज सुटते, गुडघा ठणकतो. शेवटी त्यांनी खुर्ची दिली. खुर्चीवर मात्र जरा जमायला लागलं.

आणि जमायला लागलं तशी तू यायला लागलीस.

आठवतं, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघालीस, ती माझ्याच ड्युटीच्या गाडीने? हिरवी साडी, मांडीवर शेवेचा डबा. माझ्या सीटवर तू हातरुमाल टाकून ठेवला होतास. एरंडोलला एक म्हातारबाबा तिथे टेकले, तर नवी नवरी असून तू त्यांच्यावर डाफरलीस, "हाई जागा कंडक्टरनी शे, उठा!" सगळी गाडी हसली. मी मागे गर्दीत तिकिटं फाडत होतो, लाजून लाल झालो. पारोळ्याच्या पुढे एकदाचा येऊन बसलो तुझ्याशेजारी. धुळं येईपर्यंत दोघं एक अक्षर बोललो नाही. खड्डा आला की खांद्याला खांदा लागायचा. त्या रस्त्याला तेव्हा खड्डे पुष्कळ होते, देवाची कृपा!

नंतर सगळं आयुष्य उभ्यानेच गेलं. रिटायर झालो तेव्हा तूच म्हणालीस, "बठ्ठं गाव फिरी उनात, आते घरमा बसा जरासं." सगळं गाव फिरून आलात, आता बसा म्हणे! बसलो की नाही? संध्याकाळी ओट्यावर तू मेथी निवडायचीस, मी पेपर मोठ्याने वाचायचो, आणि तू मध्येच म्हणायचीस, "मरू द्या ते राजकारण, भाव सांगा कापसाचा." घरात कापसाचं बोंड नाही आणि हिला भाव पाहिजे! किती गोड दिवस होते गं. फार नाही मिळाले. मला बसवून ठेवायचं आणि आपण उठून चालतं व्हायचं, ही कुठली रीत?

असो. आता कालचं. मॅडम म्हणाल्या होत्या, आता घरी एकट्याने बसा. मी रोज टाळत होतो. हॉलमध्ये चार माणसं असतात, घरात कोण? पण काल दार लावलं आणि बसलो. श्वास आला, गेला. आला, गेला. बरं वाटत होतं. तेवढ्यात शेजारच्या कुकरची शिट्टी झाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, गॅस बारीक कर."

घर गप्प.

एरवी असं काही झालं की मी चपला शोधतो. कालही हात खुर्चीवर टेकवले होते उठायला. रडू आलं, सुमन. तेराव्याला आलं नव्हतं तसं. श्वास छातीत अडकत, हिसके देत येत होता. म्हटलं, येऊ दे जसा येतो तसा. शेजारच्या भाताचा वास आला, पलीकडे कुणाचा तरी नळ वाहत होता, आणि मी बसून राहिलो. तू नसलेल्या घरात पहिल्यांदाच बसलो.

आज वैशूला सांगणार आहे, पुण्याला येईन तो पाहुणा म्हणून, चार दिवस. राहणार इथेच.

आणि तुला शब्द देतो. रोज सकाळी या घरात बसेन. हाक तर निघणारच गं तोंडून, इतक्या वर्षांची सवय आहे. उत्तर येणार नाही, ते मला कळलंय. तरी उठून पळणार नाही.

तुझा,
वैशूचा आबा