जावयाची टोपी

१८ नोव्हेंबर २०१६, शुक्रवार

वाटोळं झालं. साखरपुडा मोडला नाही एवढंच. पण हे पाटावरून उठले ते थेट दुक्मच्या कॅम्पावर, कामाच्या जागी निघून गेले. जेवले नाहीत, लेकीकडे, पूर्वाकडे बघितलं नाही, माझ्याशी एक शब्द नाही.

आणि कशावरून? टोपीवरून!

फर्गस, आमचा होणारा गोरा जावई, आला तो त्यांच्याकडच्या पोशाखात. चौकड्यांचा घोळदार किल्ट, गुडघ्यापर्यंत मोजे, डोक्यावर काळी लांबट टोपी. मागं दोन काळ्या फिती. गांधी टोपीच म्हणा, शाईत बुडवलेली. बायका पदराआडून हसत होत्या. मी डोळे वटारले. हे मात्र खूश. "बघ, डोकं झाकून आलाय. आपल्या पोरांना सांगावं लागतं," म्हणाले मला. किती दिवसांनी त्यांना पूर्वाच्या ह्या लग्नाबद्दल बरं बोलताना ऐकलं!

गुरुजींनी मंत्र सुरू केला आणि ह्या शहाण्यानं टोपी काढली. नीट घडी करून मांडीवर ठेवली आणि उघड्या डोक्यानं नारळ घ्यायला हात पुढे केले. गुरुजी थांबले. सगळा हॉल यांच्या तोंडाकडे बघायला लागला.

"मंगल कार्यात डोकं उघडं? माझं मढं उचलायला आलाय का हा?"

एवढं बोलून गेले. फर्गसला एक अक्षर कळलं नाही. तो तसाच नारळ धरून बसला.

मस्कतात नॅशनल डेची रोषणाई आहे रस्ताभर. अल मवालेहला घरी येईपर्यंत पूर्वा काचेतून तीच बघत होती.

१९ नोव्हेंबर

फोन उचलत नाहीत. पूर्वा खोलीतून बाहेर आली नाही. मी केलेल्या करंज्या तशाच पडल्यात.

२० नोव्हेंबर

सुरैया आली शेजारून. रत्नागिरीची, तोंडाची फटकळ, पण माझं हिच्याशिवाय इथं आहे कोण? मी तिच्यापुढं फर्गसला यथेच्छ शिव्या दिल्या. तिनं ऐकून घेतलं नि म्हणाली, "अगो वहिनी, आम्ही नमाजाला टोपी घालतो, त्यांच्यात देवापुढं काढतात. त्यानं तुमच्या देवाला मान दिला. त्याला कसल्या शिव्या घालतेस?"

मी उठून आत गेले. पूर्वाला विचारलं. "आई, मी तेच सांगतेय ना कधीपासून! चर्चमध्ये काढतात. ही वॉज बीइंग रिस्पेक्टफुल. तुम्ही लोक ऐकतच नाही." मग रडली.

दुपारी यांनी फोन उचलला. मी सगळं समजावून सांगितलं. शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मला टोपी घालू नकोस." फोन ठेवायच्या आधी म्हणाले, "कन्यादान मी करणार नाही. तुझ्या भावाला बोलावून घे."

पूर्वाला सांगितलं तर म्हणाली, मामा नको. बाबा नाहीत तर लग्नच नको इथं, आम्ही तिकडं जाऊन सही करू.

तिकडं म्हणजे अ‍ॅबर्डीनला, फर्गसच्या गावी. फर्गसचं इथलं कंत्राट संपलंय, लग्न झालं की दोघं जाणारच आहेत. हे यांना अजून ठाऊक नाही. साखरपुड्याच्या गोडात सांगू म्हणून मी राखून ठेवलं होतं. आता कुठल्या तोंडानं सांगू?

२४ नोव्हेंबर

गुरुजींचा तोडगा: "फेटा बांधा, फेटा सहज निघत नाही." जितेशला बोलावलं, तो इथल्या मंडळाच्या गणपतीत सगळ्यांना फेटे बांधतो. फर्गस शहाण्यासारखा खुर्चीवर बसला. वर केशरी फेटा, खाली हिरवा-निळा किल्ट. वरातीतला बँडवाला दिसायला लागला. पूर्वाला हसू आवरेना, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. फर्गसनं आरशात बघितलं आणि "इट्स फाइन, आई," म्हणाला. फाइन कसलं! किल्ट त्याच्या आजोबांचा आहे. त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना. मीच म्हटलं, सोड रे जितेश ते.

मग त्यांचीच टोपी. पण कुठली? त्याच्याकडे तीन निघाल्या. काळी लांबट ती ग्लेनगॅरी, साखरपुड्याची. ती पुन्हा नको, यांच्या डोळ्यांसमोर आली तरी भडका उडेल. दुसरी टॅम-ओ-शँटर, मोठी नि मऊ. भाकरी थापून डोक्यावर टाकावी तशी कानापर्यंत लोळते. नवरदेवाला शोभत नाही. तिसरी बॅलमोरल. गोल, निळी, वर मधोमध लाल गोंडा, बाजूला काळ्या फितीचं फूल आणि त्यावर घराण्याचा चांदीचा बिल्ला. ही बरी वाटली. जरा ऐट आहे.

मी म्हटलं, इथं एक पीस खोच, तुरा होईल. तो दचकलाच. पीस म्हणे त्यांच्यात घराण्याच्या मुख्यानं लावायचं, असं कुणीही नाही लावायचं. बघा, त्यांचेही नियम आहेत. आमच्यात तर त्या दिवशी नवरदेवच राजा. पण नको म्हणतो तर नको.

२७ नोव्हेंबर

सराव घेतला. मी मंत्र म्हणायची, त्यानं टोपी घालून बसायचं. पहिल्याच "ॐ"ला त्याचा हात वर! मी चापट मारली हातावर. "सॉरी आई." पुन्हा ॐ, पुन्हा हात. लहानपणी आजी कान पिळायची म्हणे, देवळात टोपी राहिली तर. हाडात गेलेली सवय, ती माझ्या चापटीनं काय जाणार.

शेवटी मी आकड्यांनी टोपी त्याच्या केसांना अडकवली. मुकाट्यानं बसून राहिला. इतका गुणी मुलगा, आणि त्याचं डोकं मी टाचणीची उशी करून ठेवलंय. माझी मलाच किळस आली.

३० नोव्हेंबर

बॅलमोरल घातलेला फोटो यांना पाठवला. खाली लिहिलं, आता काढणार नाही. दोन निळ्या खुणा आल्या. तेवढंच.

पूर्वा अ‍ॅबर्डीनची तिकिटं अलीकडच्या तारखेला घेता येतात का बघत होती. मला बघून लॅपटॉप मिटला.

१ डिसेंबर

देवापुढं बसले. काही मागावंसं वाटेना.

३ डिसेंबर, शनिवार

दुक्मला जाऊन आले. सुरैयाच्या नवऱ्यानं, शरीफभाईंनी नेलं गाडीनं. दिवसभर नुसती वाळू. इतकी वर्षं हे त्या कॅम्पात राहिले आणि मी आज पहिल्यांदा त्यांची खोली बघितली. एक खाट, एक पंखा, खिडकीत एक तुळस, तीही वाळलेली. बाहेर सगळे पुरुषच पुरुष. मला बघून एकेक जण आत गेला.

मी टोपीचंच बोलायला लागले. त्यांनी हात वर केला.

"टोपीचं काय घेऊन बसलीस? मला कळत नाही का, त्यांच्यात काढतात ते? कॅम्पात गोरे आहेत की." खाटेवर बसले. मग म्हणाले, "सगळे माझ्याकडं बघायला लागले, बाप काय म्हणतो म्हणून. तेव्हा वाटलं, मी कुठला बाप? ती चालायला लागली तेव्हा मी इब्रीच्या कॅम्पात. शाळेत गेली तेव्हा इब्रीला. मग हे दुक्म. एकदा सुट्टीला आलो तर मला अंकल म्हणाली, आठवतं? दान द्यायचं तर वस्तू आपल्याजवळ असावी लागते. माझ्याजवळ ती कधी नव्हती. मी देऊ काय?"

मी यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांची आई गेली तेव्हासुद्धा नाही.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, मग आता घ्या जवळ. लग्न झालं म्हणून ती कुठं पळतेय? मस्कतातच राहणार, आपल्यापासून हाकेच्या अंतरावर."

"खरं?"

"हो तर."

त्यांचा चेहरा असा उजळला की ते मागं घ्यायला माझी जीभ वळेना. उभ्या संसारात पहिल्यांदा मी नवऱ्याला टोपी घातली. आणि कशी चपखल बसली! येतो म्हणाले. कन्यादान करतो म्हणाले. जाताना गाडीच्या काचेतून शरीफभाईंना सांगितलं, "सावकाश चालवा, वाटेत उंट येतात."

घरी पूर्वानं मला मिठी मारली. "बाबा येणार?" येणार गं बाई, येणार.

४ डिसेंबर

फोन करून सांगावं खरं काय ते. नंबर लावला. त्यांनीच आधी बोलायला सुरुवात केली, पूर्वाला भाजी कुठली आवडते म्हणून विचारलं. मी भेंडी म्हटलं.

५ डिसेंबर

नाही सांगितलं.

७ डिसेंबर, बुधवार

हे आले. मागं पिकअप. त्यात खाट, पंखा, भांडी, तुळशीची रिकामी कुंडीसुद्धा. दुक्म सोडलं. साहेबांच्या मागं लागून मस्कतच्या गोडाउनला बदली करून घेतली, हुद्दा दोन पायऱ्या खाली. "असू दे. आता संध्याकाळी पोरीकडं चक्कर मारत जाईन," म्हणाले. येताना अल मवालेहच्या बाजारातून भेंडी आणलीय.

पूर्वा आतल्या खोलीत अ‍ॅबर्डीनच्या बॅगा भरतेय. हे तिला हाक मारत आत गेलेत.