पानाच्या पाठीवरच्या चांदण्या

प्रिय साडूभाऊ यांस,

कंबर वाकते तेवढं वाकून नमस्कार. तुमचा खोकला गेला का? ताईंचे गुडघे काय म्हणतात? बिनसलं असतं तर ताईंचा फोन आला असता आणि फारच बरं चाललं असतं तर तुमचा. दोन्ही आले नाहीत, म्हणजे मध्यम असावं असं धरून चालतो. माझं चष्म्याचं दुकान बरं चाललंय. लोकांना दिवसेंदिवस कमी दिसतंय, देवाची कृपा.

पत्रास कारण की, माझ्या हातून परवा एक डोंगर वाचला. डोंगर म्हणजे जरा जास्त झालं. आमच्या घरामागचा उतार. उतार म्हणजे तरी उताराचा एक कोपरा. खरं सांगायचं तर एक झुडूप. पण ते पाहिल्यापासून मी नीट जेवलेलो नाही. (ही म्हणते, जेवतोय. पण लक्ष नसतं.)

आपल्या सासूबाई वनस्पतिशास्त्र शिकवून कॉलेजातून निवृत्त झाल्या हे खरं, पण त्यांनी ते झाडांना कळवलेलं दिसत नाही. गेल्या रविवारी मला त्या उतारावर घेऊन गेल्या आणि शेजारी शेजारी उभी असलेली दोन झुडपं दाखवून म्हणाल्या, "जावईबापू, यांच्यातला फरक सांगा." उंची तीच, काटे तेच, पानं तर एकाच ताग्यातून बेतल्यासारखी. रोज दुकानात मी लोकांना विचारतो, "हे स्पष्ट दिसतंय की ते?" आणि ते बिचारे घाबरून काहीही सांगतात. त्यांचं दुःख मला त्या दिवशी कळलं. मी म्हणालो, "उजवीकडचं उजवीकडे आहे." सासूबाई हसल्या नाहीत. एक जात रानोमाळ सापडते, दुसरी या भागात फक्त एवढ्याच उतारावर उरलीय, असं त्या बरंच सांगत होत्या. माझं लक्ष चपलेत शिरलेल्या काट्याकडे होतं.

आणि परवा सकाळी त्याच उतारावर पाण्याच्या टाकीसाठी चुन्याची फक्की मारून जागा आखायला माणसं आली. सासूबाई तरातरा निघाल्या, मागच्या पायरीवर पाय मुरगळून बसल्या आणि बसल्या जागेवरून इंजिनिअरशी भांडल्या. तो बिचारा सज्जन. म्हणाला, "आजी, सगळी झुडपं सारखीच आहेत हो. वेगळं दाखवा, टाकी सरकवतो. पण दुपारी खोदायचं मशीन येतंय." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून पाहिलं असावं. "पानाची पाठ बघा," म्हणाल्या. "साध्या जातीवर सरळ लव असते."

"आणि दुसरीवर?"

"दिसली की कळेल."

दुकानातलं बारीक कामाचं भिंग घेऊन मी गेलो, पण रविवारची ती दोन झुडपं नेमकी कुठली ते ओळखता येईना. साडूभाऊ, सारखेपणा किती भयंकर असतो ते तुम्हाला सांगून कळणार नाही! गुडघ्यांवर रांगत, सदरा फाडून घेत मी झुडपामागून झुडूप पालथं घालत होतो आणि प्रत्येक पानाच्या पाठीवर तीच लव, दोन दिवस दाढी न केलेल्या माणसासारखी. माझी एक गिऱ्हाईक बाई खालून जाताना म्हणाली, "काही हरवलंय का?" मी म्हणालो, "फरक हरवलाय." ती घाईने गेली. (तिचा चष्मा तयार आहे, न्यायला येईल असं वाटत नाही.) वर मशीनची घरघर ऐकू यायला लागली, तेव्हा मी दोन्ही हातांनी पानं उलटायला लागलो. आपल्या आंधळेपणापायी एक अख्खी जात जाणार!

आणि मग एक पान उलटलं. भिंगाखाली लव नव्हती. चांदण्या होत्या. एकेक केस बुडातून फुटून चहूबाजूंना पसरलेला, काचेसारखा पांढरा, आणि त्याला खेटून दुसरा, तिसरा. नखाएवढ्या जागेत सबंध आकाश. दुसरं पान उलटलं, तिथेही. कोणी बघो न बघो, पानाच्या पाठीवर, जमिनीकडे तोंड करून! उभी हयात मी लोकांच्या डोळ्यांवर भिंगं बसवली आणि माझ्या खिडकीमागे हे होतं. हाक मारायचं सोडून मी तिसरं पान उलटलं, चौथं उलटलं. इंजिनिअरच खाली आला, भिंगातून बराच वेळ पाहत राहिला आणि हळूच म्हणाला, "सगळ्याच पानांवर?" मी मान हलवली. त्याने माणसांना हाक मारून फक्की पुसायला लावली.

घरी येऊन सासूबाईंसमोर पान धरलं. त्यांनी ते पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाल्या, "मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मैत्रिणीला मिठी मारून रडले होते." मग आम्ही दोघांनी एकाच भिंगातून आळीपाळीने ते पान पाहिलं. (आमच्यात हे प्रथमच.)

ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा साडू

ता. क. आता खरं काम. पुढच्या महिन्यापासून सासूबाई तुमच्याकडे राहायला यायच्या आहेत. तरी कृपा करून घरात रंगकाम काढा, भिंत पाडा, पाहुणे बोलवा, काहीही करा. त्यांना इथून हलवू नका. हे त्यांना कळता कामा नये.

ता. क. दुसरा, माझ्या हातचा. पत्र टपालात टाकायला जावईबापूंनी माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. भिंत पाडू नका, मी येत नाही. त्या उतारावर तिसरी, रानोमाळ सापडणारी जातही आहे, तिच्याही पानांच्या पाठीवर चांदण्याच असतात. त्यांनी आणलेलं पान नेमकं कुठलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांना सांगू नका. भिंग घेऊन आत्ताच पुन्हा वर गेलेत.

— आई